संत अंतोनीचा झगा सोनेरी करू नका

ठाण्यातल्या एका वस्तीत काचेच्या पेटीत संत अंतोनी या ख्रिस्ती संताचा पुतळा आहे. यंदा १३ जूनच्या सणाआधी तो नव्याने रंगवला. तपकिरी झगा सोनेरी झाला. कमरेचा दोरही सोनेरी झाला, आणि त्याच्या तीन गाठी जाड ऑइल पेंटखाली बुजून गेल्या. मी विचारलं तर उत्तर आलं, "संताला चांगलं घालायला नको का?"

भक्ती खरी आहे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गाडगेबाबांच्या पुतळ्याची गोधडी काढून कुणी जरीचा शेला पांघरला, तर आपल्याला चालेल का? इथेही तेच झालंय.

अंतोनी फ्रान्सिस्कन, म्हणजे असिसीच्या संत फ्रान्सिसच्या संन्यासी संघातला. त्या तीन गाठी म्हणजे या संघाची तीन व्रतं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन. चामड्याचा पट्टा नको, गरिबासारखा दोरच बांधायचा, हे फ्रान्सिसने ठरवलं होतं. अंतोनीने तर हा झगा मुद्दाम मागून घेतला. तो पोर्तुगालमधल्या लिस्बनचा, आधी ऑगस्टिनियन या दुसऱ्या संघाच्या मठात होता. १२२० साली मोरोक्कोत पाच फ्रान्सिस्कनांना ठार मारलं गेलं आणि त्यांचे अवशेष कोइंब्राला आणले गेले. ते पाहून त्याने आपला मठ सोडला आणि त्या मारल्या गेलेल्यांचा झगा अंगावर घेतला. म्हणजे या पुतळ्याची अर्धी गोष्ट कपड्यातच आहे.

आणि ठाण्याने तरी हे विसरू नये. १३२१ साली याच गावात तोलेंतिनोचा थॉमस आणि त्याचे तीन सोबती मारले गेले. तेही फ्रान्सिस्कनच. त्या काळी हा झगा बिनरंगवलेल्या लोकरीचा, राखाडी असायचा. तपकिरी रंग पुढे आला. रंग बदलला तरी मातीशी असलेलं नातं टिकलं. सोनेरीत ते उरत नाही.

कुणी म्हणेल, मग मरियामातेच्या निळ्या शालीवर पूर्वी एवढा पैसा का ओतला? ओतला, खरंच. तो निळा अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या खाणीतला दगड कुटून काढायचे, युरोपात तो फार महाग पडायचा. पण तिथे महागडा रंग हाच मानाचा अर्थ होता. मासुंदा तलावाजवळच्या चर्चला ज्याचं नाव आहे, त्या योहान बाप्तिस्ताच्या, म्हणजे येशूला बाप्तिस्मा देणाऱ्या संताच्या, अंगावर मात्र उंटाच्या केसांचं वस्त्र आणि कमरेला कातड्याचा पट्टा. त्यावर चित्रकार लाल शाल घालतात, कारण त्याचा शिरच्छेद झाला. लाल म्हणजे हुतात्म्याचं रक्त. ती शाल गुलाबी केली की तो अर्थच गेला.

मला सगळ्यात आवडते ती कोलकात्याच्या संत तेरेसांची साडी. पांढरी, सुती, निळ्या काठाची. २०१६ साली त्यांना संतपद मिळालं आणि साडी संतांच्या चित्रांत रुजली. २०२२ साली संत झालेल्या देवसहायम पिल्ला या भारतीय हुतात्म्याच्या चित्रांत धोतर आणि हातात बेड्या असतात. ते धर्मगुरू नव्हते, संसारी गृहस्थ होते, हे धोतर पाहताच कळतं.

म्हणून समित्यांना हात जोडून विनंती: पेंटरला बोलावण्याआधी पुतळ्याचा जुना फोटो त्याच्या हातात द्या. चकाकणारा रंग नको, मॅट घ्या. दोर पांढरा ठेवा, गाठी मोजून तीन.

आपल्या या पुतळ्याचा जुना फोटो कुणाच्या अल्बममध्ये असेल तर मला पाठवा. पावसाळा सरला की रंग खरवडून घेऊ, वर्गणी मी सुरू करते.