पहिल्या तासाचा तो मेसेज चुकीचा आहे, प्लीज पुढे पाठवू नका

आयांच्या ग्रुप्सवर सध्या फिरतंय की जन्मानंतर पहिल्या तासात बाळ आईच्या छातीशी आलं नाही तर त्याचं आईशी नातं कधीच नीट जुळत नाही. हे खरं नाहीये. १९७० च्या दशकात क्लाउस आणि केनेल या अमेरिकन बालरोगतज्ज्ञांनी साधारण असं मांडलं होतं पण पुढच्या अभ्यासांत ते टिकलं नाही. लगेच छातीशी घेतल्याने बाळाला ऊब मिळते, दूध ओढायला लागतं, त्यामुळे जमत असेल तर जरूर घ्या, पण सिझर झालं किंवा बाळ काचेत ठेवलंय म्हणून कायमचं काही हुकत नाही.

बाळाला माया लागते ती हळूहळू, कित्येक महिने. सात-आठ महिन्यांचं झालं की आपलं माणूस खोलीबाहेर गेल्यावर भोकाड पसरतं, नवख्याच्या कडेवर जात नाही, ते त्याचंच लक्षण. आणि शॅफर आणि इमर्सन या संशोधकांच्या १९६४ च्या, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या ६० बाळांच्या अभ्यासात तर बाबा, आजी-आजोबा यांचाही लळा लागलेला दिसला, दूध कोण पाजतं यापेक्षा रडल्यावर कोण धावतं, कोण खेळतं हे महत्त्वाचं ठरलं.

टाके ओले असताना असलं वाचून एखादी बाळंतीण किती खचेल हो. मेसेज डिलीट करा, आणि जिथे पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.