एक तर पैलवान, नाही तर काहीच नाही?

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर आमचा वाद पेटला तो बंड्यामुळं. "पुढल्या महिन्यात जिम लावतोय. पैसे भरले की झक मारत जावं लागतंय," तो म्हणाला.

"गेल्या वर्षी पण भरलेलास की," दिलप्या म्हणाला. दिलप्या गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कारागीर. सकाळी मांडी घालून बसला की दुपारी जेवायलाच उठतो. "मला न्हाई जमायचं. अर्धा तास सलग मिळाला तर करीन व्यायाम."

"सलग कुणी सांगितलं तुला?" आण्णा भडकले. त्यांचं तरुणपण तालमीत गेलेलं.

आण्णांचं खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम हालचाल सांगते. पूर्वी त्यात एका वेळी किमान 10 मिनिटं सलग हवीत अशी अट होती, ती 2020 साली काढून टाकली. झपाझप चढलेला जिनासुद्धा आता हिशेबात धरतात.

"दोन मिनिटानं काय होतंय?" दिलप्याला पटेना. होतं की! बसून राहिलं की मांड्या-पोटऱ्यांचे मोठे स्नायू निवांत पडून असतात. चालायला लागलं की ते रक्तातली साखर वापरायला लागतात. म्हणून जेवण झाल्या झाल्या लवंडण्यापेक्षा दहा मिनिटं महाद्वार रोडनं पाय मोकळे करणं कधीही चांगलं.

"मग रंकाळ्यावर फिरणाऱ्यांचं भागलं म्हणायचं," बंड्या म्हणाला.

निम्मंच भागलं. एक तर रमतगमत चालणं या मिनिटांच्या हिशेबात धरत नाहीत. चालताना बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा तरी वेग हवा. दुसरं, नुसत्या चालण्यानं ताकद पुरेशी टिकत नाही. आठवड्यातनं दोन दिवस तरी स्नायूंना जोर द्यायला लागतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात.

आण्णांनी दिलप्याला कट्ट्याच्या कडेला बसवलं. "हात छातीवर बांध. आता ऊठ." दिलप्या पुढं झुकला, अडला, नकळत हात मांडीवर टेकवून उठला. "हात न्हाई!" दुसऱ्या खेपेला आण्णांनी पाय मागं घ्यायला लावले, टाचा दाबायला सांगितल्या, उठला. पाचव्या वेळी मांड्या थरथरायला लागल्या. वय चाळीस! मला तिथं खरोखर काळजी वाटली. हे खुर्चीवर रोज जमण्यासारखं आहे. भिंतीला हात लावून जोर, दात घासताना टाचा उचलणं, यालाही कुठं जायला लागत नाही. गुडघ्याचं किंवा हृदयाचं दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

आपल्या गावात व्यायाम म्हटलं की पैलवानच डोळ्यांसमोर येतो. शाहू महाराजांचं खासबाग मैदान 1912 सालचं, त्याचा अभिमान मलाही आहे. पण त्यापायी साध्या माणसाला वाटतं, लंगोट कसायचा नसेल तर आपलं यात काही काम नाही.

आण्णांशी माझं बिनसलं ते एकाच मुद्द्यावर. "घरातल्या बायकांना कशाला पायजे व्यायाम? दिवसभर राबतात की." केर काढणं, पाणी भरणं हालचालीत धरायचंच. पण पाळी थांबल्यावर हाडं झपाट्यानं विरळ होतात, तेव्हा त्यांना ताकदीच्या व्यायामाची गरज जास्तच. राबतात म्हणून त्यांची सकाळची अर्ध्या तासाची मोकळीक काढून घेणं मला अजिबात मान्य नाही. आण्णा गप्प बसले, पटलं असं काही म्हणाले नाहीत.

बंड्या जिमवर ठाम राहिला. शिकवणारा चांगला असेल तर जावं त्यानं, जिमशी माझं वैर नाही. दिलप्यानं मात्र गाडी बिंदू चौकात लावून पुढं गुजरीपर्यंत चालत जायचं कबूल केलं.

"आणि पावसाळ्यात?" त्यानं विचारलं.

"छत्री न्हाई काय तुझ्याकडं?" आण्णा म्हणाले.