यंत्राला काळीज नसते म्हणे

गणेशोत्सव जवळ आला की पुण्यातील आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर डीजे विरुद्ध ढोल-ताशा हा वाद हमखास पेटतो. आवाजाच्या त्रासाची तक्रार मला मान्य आहे, फक्त ती दोघांनाही लागू पडते. शंभर ढोलांचे पथक काही कुजबुजत नाही. मला चीड येते ती त्यापुढच्या वाक्याची, की यंत्रातून निघते ते संगीतच नव्हे, कारण त्याला माणसाचा हात लागलेला नसतो. हे लिहिणारे काका स्वतः इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावून रियाजाला बसतात, आणि ज्या हार्मोनियमला आकाशवाणीने १९४० पासून सुमारे ३० वर्षे दारे बंद ठेवली, तिच्याशिवाय त्यांचे नाट्यपद उभे राहत नाही.

इथे बर्लिनमध्ये हा प्रश्न कोणी अशा तऱ्हेने विचारीत नाही. नालेपाश्ट्रासेवरच्या फुंकहाउस या जुन्या रेडिओ इमारतीत ज्याचा स्टुडिओ आहे, तो संगीतकार निल्स फ्राम एका हाताने पियानो आणि दुसऱ्याने सिंथेसायझर वाजवतो. ब्रांट ब्राउअर फ्रिक हे त्रिकूट तर टेक्नो या यंत्रांवरच्या नृत्यसंगीताचा ठेका हार्प, ट्यूबा आणि चेलोवर उतरवते. यंत्र बनवणाऱ्यांनाही माणसाच्या लयीतली गंमत ठाऊक होती: रॉजर लिन यांनी १९८० मध्ये आणलेल्या ड्रम मशीनमध्ये दर दुसरा आघात किंचित उशिरा पाडण्याची सोय होती. लग्गी वाजवणारा तबलजी लयीला असाच झोल देतो, अर्थात त्याला बटण लागत नाही.

तरी माझा सर्वांत मोठा पुरावा मुंबईचाच आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंड कंपनीच्या टीआर-८०८ (ड्रम मशीन) आणि टीबी-३०३ (बेस सिंथेसायझर) या यंत्रांच्या डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. ठेका यंत्राचा, पण वर राग उलगडणारी बोटे त्यांचीच होती; आणि टीबी-३०३ मधली एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय मींडेवर पोसलेल्या त्या कानाला लगेच जवळची वाटली असणार. ती तबकडी तेव्हा फारशी कोणी विचारात घेतली नाही. २०१० मध्ये एका डच कंपनीने ती पुन्हा काढल्यावर, शिकागोच्या ॲसिड हाउस या टीबी-३०३ च्या सुरांवर उभ्या नृत्यसंगीताच्या आधीच हे मुंबईत कसे घडले, म्हणून युरोप चकित झाला. मला मात्र हे नाव एका जर्मन सहकाऱ्याकडून कळले, आणि ही गोष्ट मी ग्रुपवर कधीच लिहिलेली नाही.

तिथे मी यंत्राचा वकील असतो. इथल्या मित्रांपुढे मात्र नेमकी उलटी बाजू घेतो. तुमचा टेक्नो चार मात्रांच्या पुढे सरकत नाही, दहा मात्रांच्या झपतालातला तबल्याचा एखादा कायदा ऐका, असे मी कान्टीनमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगतो. मग कोणीतरी निरागसपणे विचारते, की तू स्वतः काय वाजवतोस. दहावीच्या वर्षी तबल्याचा क्लास सुटला आणि पुन्हा कधी हात लावला नाही, हे उत्तर जर्मनमध्ये देणे मला त्यातल्या त्यात सोपे जाते.