मंद्याचा फ्लॅट आणि अलिबागचे पैसे

काल परत मंद्याच्या फ्लॅटवरून कट्टा तापला. कहाणी सगळ्यांना पाठ आहे, नव्याने सांगत नाही. त्याची बायको शिल्पा दीड वर्षापासून ठाण्याला, म्युच्युअल घटस्फोटाचा अर्ज पडलाय, आणि डोंबिवलीचा वन बीएचके दोघांच्या नावावर. दारावरच्या पितळी पाटीवर तिच्या नावावर मंद्याने ‘शुभ लाभ’चा स्टिकर चिकटवलाय, तोही अर्धा निघालाय, ‘शि’ दिसतो.

मंद्या म्हणाला, "नऊ वर्षं हप्ते मी भरले, एक बाउन्स नाही. तिचा अर्धा हिस्सा आला कुठून?"

स्मिताने कटिंग खाली ठेवला. "आणि नऊ वर्षं किराणा, दूध, पोरीची फी कोणाच्या पगारातून? तुझे हप्ते बँकेत दिसतात रे, तिचे तुम्ही जेवलात."

मला टाळी वाजवावीशी वाटली, पण मंद्या शेजारीच होता आणि चहा त्याच्याकडून होता.

पक्या बँकेत आहे, त्याने शांतपणे सांगितलं की तुमच्या घटस्फोटाशी बँकेला काही घेणं नाही, कर्जावर दोघांच्या सह्या, हप्ता थकला तर नोटीस दोघांना, आणि तिचं नाव काढायचं तर तुझ्या एकट्याच्या पगारात कर्ज बसलं पाहिजे. नाहीच जमलं तर वाटणीचा दावा. फ्लॅटमध्ये भिंत घालून तर वाटणी होत नाही, मग कोर्ट विकायलाच लावू शकतं. "कायदा 1893 चा आहे, टिळकांच्या गणपतीएवढा जुना."

"विकायचाय?" सुध्या दचकून जागा झाला. हा एजंट. कोणाचा संसार मोडो, याला कार्पेट एरियाच दिसतो. "पार्टी आहे आपल्याकडे. दोन टक्के. मित्र म्हणून दीड."

कोणी बघेना तेव्हा त्याने हुकमाचा पत्ता टाकला. "नायतर घटस्फोटाच्या डिक्रीच्या आधी तिच्या हिश्श्याचं गिफ्ट डीड, म्हणजे बक्षीसपत्र, करून घे. नवरा-बायकोत राहतं घर गिफ्ट केलं की स्टॅम्प ड्युटी 200 रुपये, वरचे सेस वेगळे. डिक्री झाली की ती बायको नाही, मग ड्युटी पूर्ण."

"आणि तिचे पैसे?" स्मिता.

"ते आपसात."

"पैसे घेतले की गिफ्ट कसलं, ती विक्री झाली ना! आणि आधी सही, मग पैसे? या मंद्याकडून? 2016 च्या अलिबाग ट्रिपचे अजून दिले नाहीत याने."

झालं. फ्लॅट राहिला बाजूला. पक्या म्हणे बाराशे, मी म्हटलं चौदाशे, बोटीचे धरून. सुध्या म्हणे माझे पण बाकी आहेत, त्यावर स्मिता म्हणाली तू आलाच नव्हतास, तुला कावीळ झाली होती.

मंद्या वैतागून ओरडला, "अरे भांडताय काय, शिल्पाच्या वहीत असेल ना! ती दर महिन्याचा सगळा हिशोब लिहा..."

आणि गप्प झाला. पक्याला चहाचा असा ठसका लागला की टपरीवाला पाणी घेऊन धावला.