रुमालाच्या आधी काय घडते: 'ऑथेल्लो'विषयीच्या एका आक्षेपाला उत्तर

आपली सविस्तर प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकावरील लेखात मी सेनापती ऑथेल्लोच्या हाताखालच्या इयागोच्या कारस्थानाला इतके महत्त्व दिले की पत्नी डेस्डेमोनाचा जीव घेणारा हा नवरा जवळजवळ निर्दोष ठरतो, आणि एका रुमालावरून खून करणारा माणूस शोकनायक नसून केवळ मूर्ख आहे, असा आपला आक्षेप आहे. त्याचा पूर्वार्ध मला मान्य आहे. 'इयागोने त्याला फसवले' एवढ्यावर मी थांबायला नको होते. उत्तरार्ध मात्र मला पटत नाही.

ऑथेल्लोने डेस्डेमोनाला दिलेला रुमाल इयागो, तिचे कॅसिओ या अधिकाऱ्याशी संबंध असल्याचा खोटा पुरावा म्हणून वापरतो. या रुमालाचा आक्षेप जुना आहे. टॉमस रायमर या इंग्रज समीक्षकाने १६९३ मध्येच तो घेतला होता. परंतु रुमाल इयागोच्या हाती पडण्यापूर्वीच ऑथेल्लोचे मन नासलेले असते. तिसऱ्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात कॅसिओ डेस्डेमोनापासून दूर जाताना दिसतो आणि 'हे मला आवडले नाही' एवढेच इयागो पुटपुटतो. त्यानंतर बराच वेळ तो उघड आरोप करत नाही. ऑथेल्लोने विचारलेला शब्द तो तसाच परत करतो, अडखळतो, बोलणे अर्धवट सोडतो, आणि वर मत्सरापासून जपण्याचा सल्लाही देतो. डेस्डेमोनाने तुमच्याशी लग्न करताना वडिलांना फसवले होते, ही त्याने दिलेली आठवण तर खरीच असते. पहिल्या अंकात तिच्या वडिलांनी, ब्रॅबँशिओने, जाता जाता हाच इशारा जावयाला दिलेला असतो. उरलेले काम ऑथेल्लो स्वतः करतो. आपण काळे आहोत, दरबारी गोड बोलणे आपल्याला जमत नाही, वय उतरणीला लागले आहे, ही कारणे तो एकटा असताना स्वतःच्याच तोंडाने मोजतो. ज्या व्हेनिस नगरराज्यासाठी तो लढतो तेथे आपण परके आहोत, हे त्याला कोणी नव्याने सांगावे लागत नाही. हा मूर्खपणा नव्हे. जुनी दुखरी जागा आहे, आणि इयागोला ती नेमकी ठाऊक आहे.

आपण मत्सर ऑथेल्लोच्या आणि सूड इयागोच्या वाट्याला दिलात, तेथे माझा खरा मतभेद आहे. मराठीत हेवा आणि संशय हे दोन वेगळे शब्द आहेत, हे येथे उपयोगी पडते. लेफ्टनंटपद कॅसिओला मिळाले याचा इयागोला हेवा आहे. पण स्वतःची पत्नी एमिलिया हिच्याशी ऑथेल्लोचा संबंध असावा असा संशयही इयागोला आहे. पहिल्या अंकाच्या शेवटी तो म्हणतो की हे खरे आहे की नाही ते मला माहीत नाही, पण नुसत्या संशयावरून मी खात्री असल्यासारखा वागेन. पुढे ऑथेल्लो अगदी हेच करतो. डोळ्यांना दिसेल असा पुरावा मागणारा हा सेनापती सूडाची शपथ मात्र पुरावा दिसण्याआधीच घेतो. चौथ्या अंकात एमिलिया डेस्डेमोनाच्या निष्ठेची ग्वाही देते तेव्हा तो तिच्यावर विश्वास ठेवत नाही, आणि कॅसिओला समोर बसवून विचारणे तर त्याला सुचतही नाही. त्याचा दोष येथे आहे, आणि तो मोठा आहे. आपण तो दाखवून दिलात याबद्दल मी ऋणी आहे.

एमिलियाविषयी आपण काहीच लिहिले नाही, याचे मात्र वाईट वाटले. नाटक ज्या कथेवर बेतले आहे त्या इटालियन लेखक चिंथिओच्या १५६५ मधील मूळ कथेत खलनायकाच्या बायकोला सारे ठाऊक असते आणि ती भीतीपोटी गप्प राहते. शेक्सपिअरची एमिलिया रुमाल स्वतः उचलून नवऱ्याला देते, पण त्यामागचा बेत तिला माहीत नसतो. तो उमगताच, गप्प राहण्याची नवऱ्याची आज्ञा धुडकावून, ती सर्वांसमोर बोलते आणि त्याच्याच हातून मरते. जिच्या शब्दावर ऑथेल्लोने विश्वास ठेवला नाही, तीच अखेरीस त्याला सत्य सांगते. त्यानंतर ऑथेल्लो कारण विचारतो तेव्हा, नाटकभर बोलत राहिलेला इयागो यापुढे एक शब्दही उच्चारणार नाही असे सांगून तोंड मिटतो.