श्रीलंकेतली शांतिसेना आठवा
परदेशात सैन्य पाठवायला विरोध म्हणजे जवानांशी गद्दारी, हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या मैदानात रात्री हेलिकॉप्टरनं उतरवलेल्या भारतीय शांतिसेनेतल्या १३व्या शीख लाइट इन्फन्ट्री बटालियनच्या ३० जणांपैकी एकच वाचला, तोही कैदी म्हणून. लिट्टे या तिथल्या तमिळ बंडखोर संघटनेनं वायरलेसवरचं बोलणं ऐकून बेत आधीच ओळखला होता. त्यांना तिथे कुणी आणि कशासाठी धाडलं, असं विचारणारा देशद्रोही कसा? हां, १९९० मध्ये परतलेल्या सैन्याच्या स्वागताला तमिळनाडूचे तेव्हाचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत, ते मात्र चुकलंच. दिल्लीवरचा राग बोटीतून उतरणाऱ्या शिपायावर कशाला काढायचा? आणि देशभक्तीचे दाखले वाटणाऱ्यांनी जायबंदी होऊन आलेल्यांच्या पेन्शनबद्दलही एकदा लिहावं.