भाचीचा खो-खो आणि स्कीची एकच बेरीज

गेल्या आठवड्यात ताईचा सांगलीहून फोन आला. भाची बारावीला गेली, म्हणून तिचा खो-खो बंद करायचं घरात घाटतंय. भावजी म्हणतात एका वर्षाचा तर प्रश्न आहे, परीक्षा झाली की खेळू दे परत. पण वर्षभर सुटलेली मुलगी सहसा परत मैदानावर येत नाही हे ताईने शेजारपाजारी, स्वतःच्या शाळेतल्या मैत्रिणींत पाहिलंय आणि मीही पाहिलंय. आणि तिचा धाकटा भाऊ यंदा दहावीला आहे, तो रोज संध्याकाळी नेट्सला जातो, त्याचं क्रिकेट बंद करा असं कुणी म्हटलेलं नाही. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत आपल्या पोरींनी खो-खोचा पहिला वर्ल्ड कप जिंकला, कॅप्टन आपल्या महाराष्ट्राची प्रियांका इंगळे, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर दिवसभर फोटो फिरत होते. त्याच ग्रुपवर आता 'बारावी महत्त्वाची' चाललंय. मला याचं खरंच वाईट वाटतं.

मी अमेरिकेत युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत राहतो. मार्च 2022 मध्ये ऑफिसमधला एक मित्र मला सोल्जर हॉलोला घेऊन गेला, 2002 च्या ऑलिम्पिकला जिथे क्रॉस-कंट्री स्कीच्या शर्यती झाल्या तिथे. कॉलेजांची स्कीची नॅशनल चॅम्पियनशिप होती, एनसीएए ची, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेची. उताराच्या शर्यती पार्क सिटीला, म्हणजे खांबांमधून वळणं घेत उतरायच्या स्लॅलम आणि जायंट स्लॅलम, आणि लांब पल्ल्याच्या इथे. मला स्कीमधलं तेव्हा काहीच कळत नव्हतं. पण एक गोष्ट लगेच दिसली, मुलींची शर्यत चालू होती आणि युटा युनिव्हर्सिटीची मुलं ट्रॅकच्या कडेला बर्फात पळत पळत, घसा फाटेस्तोवर त्यांना ओरडून सांगत होती, पुढची किती सेकंद लांब आहे, मागची किती जवळ आली. मित्राला विचारलं ही एवढी का पेटलीत, तर म्हणाला अरे हिचे पॉइंट्स त्यांचेपण आहेत ना.

मुलांचे आणि मुलींचे, उताराचे आणि लांब पल्ल्याचे, सगळे पॉइंट्स एकाच बेरजेत जातात आणि ट्रॉफी एकच. एका युनिव्हर्सिटीचे जास्तीत जास्त 12 जण, दोन्ही प्रकारांत तीन मुलं आणि तीन मुली. मुली कच्च्या असतील तर कितीही भारी मुलं आणा, चॅम्पियन होता येत नाही. त्या वर्षी युटाच जिंकली.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. ही चॅम्पियनशिप 1954 ला नेवाडात रेनोजवळ सुरू झाली तेव्हा फक्त पुरुषांची होती, त्यात डाउनहिल, म्हणजे भरधाव उतरायची शर्यत, आणि स्की जंपिंगही असायचं. पहिली डेन्व्हर युनिव्हर्सिटी जिंकली आणि विली शेफलर नावाच्या कोचने त्यांना एकूण 13 वेळा जिंकून दिलं. डार्टमथ कॉलेजला तर 1909 पासूनच विद्यार्थ्यांचा क्लब होता, तिथे शिकणारा जपानचा चिहारू इगाया 1956 च्या ऑलिम्पिकला स्लॅलममध्ये सिल्व्हर घेऊन गेला, हिवाळी ऑलिम्पिकमधलं जपानचं पहिलं मेडल. मग कोलोरॅडो युनिव्हर्सिटीचा जमाना आला, 1972 ते 1979 सलग आठ वर्षं, त्यातलं 1976 चं डार्टमथबरोबर वाटून. एवढ्या सगळ्या इतिहासात मुली कुठेच नाहीत! 1972 ला टायटल नाइन हा कायदा आला, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला मुलगी म्हणून भेदभाव करता येणार नाही असं सांगणारा. 1977 पासून बायकांची कॉलेज चॅम्पियनशिप सुरू झाली, पण वेगळी, वेगळ्या संघटनेची. 1980 नंतर स्की जंपिंग बंद पडलं. आणि 1983 ला बायकांना पुरुषांच्याच चॅम्पियनशिपमध्ये आणून बेरीज एक केली. ते पहिलं वर्षही युटानेच जिंकलं.

माझ्या मते या खेळाच्या इतिहासात यापेक्षा मोठा निर्णय झालेला नाही. कोचला मुलींकडे लक्ष द्यायला कुणी उपदेश करावा लागत नाही, बेरीजच ते काम करते.

इथलं सगळं उचलून आपल्याकडे न्या असं मी म्हणत नाही. हा महागडा खेळ आहे, कुठल्या घरातली मुलं इथवर पोचतात ते पार्किंगमध्येच कळतं. कित्येक वर्षं लांब शर्यत पुरुषांना 20 किलोमीटर आणि बायकांना 15 च असायची, त्याला काही अर्थ नव्हता. आणि न्यू मेक्सिको युनिव्हर्सिटीने 2004 ला ही ट्रॉफी जिंकली होती, तरी 2018 मध्ये पैशाच्या तुटीमुळे आणि त्याच समानतेच्या कायद्याचा हिशोब बसवण्यासाठी मुलामुलींची अख्खी स्की टीमच बंद करायचं ठरवलं. म्हणजे कायदा असून सगळं भागत नाही.

पण खो-खोला डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा पास लागत नाही, बर्फ लागत नाही. दोन खांब, मैदान आणि शिकवणारं माणूस. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांत पुरुषांचा खो-खो वेगळा, महिलांचा वेगळा. दोन्ही स्पर्धा राहू द्यात, पण वर अजून एक ढाल ठेवा, दोन्ही संघांच्या कामगिरीची बेरीज करून दिलेली. मग मुलींना चांगले बूट, प्रवासाचा खर्च आणि संध्याकाळी उशीर झाला तर घरी सोडायची गाडी, हे कॉलेजला द्यावंच लागेल, कारण नाही दिलं तर ढाल जाते. खेळाडूंच्या ग्रेस मार्कांवर आपल्याकडे दरवर्षी वाद होतो, द्यावेत की नाही, किती द्यावेत, सर्टिफिकेट खरं की खोटं. त्यात ज्या मुलीने बारावीलाच खेळ सोडला तिचा विषय निघतच नाही.

ताईला मी सांगितलंय, खो-खो पूर्ण बंद करू नका, आठवड्यातले तीन दिवस तरी ठेवा, आणि भावाला जो नियम तोच बहिणीला. ती म्हणाली माझं चालत नाही रे, तूच बोल. रविवारी भावजींबरोबर व्हिडिओ कॉल आहे, भाचीलापण समोर बसवायचं ताईने कबूल केलंय.